माय डावरी नव्हती

आमच्या जालन्याच्या घरात माझ्या लहानपणी तीन स्त्रियांची चित्रे होती. पहिली निरंतर साहाय्यमाता. ती कोपऱ्यातल्या छोट्या वेदीवर असे आणि रोज संध्याकाळी तिच्यापुढे जपमाळ होई. दुसरी दिनदर्शिकेवरची कमळातली लक्ष्मी. ती भिंतीवर नव्हे, वडिलांच्या पत्र्याच्या पेटीत असे. वडील छापखान्यात जुळारी होते. लग्नपत्रिका, हुंडीची पावतीपुस्तके, बियाण्यांची माहितीपत्रके ह्यांचे खिळे जुळवण्यात त्यांचा जन्म गेला. आलेल्या पाहुण्याला ते ती लक्ष्मी भक्तीसाठी नव्हे, तर रंगावर रंग किती बेतशीर बसला आहे हे दाखवण्यासाठी काढून दाखवीत. तिसरी साबणाच्या जाहिरातीतील एक नटी. आरशामागचा पुठ्ठा फाटला तेव्हा तिला तिथे चिकटवले होते, त्यामुळे आरसा भिंतीवरून उतरवला तरच तिचे दर्शन होई.

ह्या तिघींच्या मध्ये वावरणारी चौथी स्त्री म्हणजे माझी माय. तिचे एकही चित्र घरात नव्हते. लग्नातले म्हणून जे एकुलते एक छायाचित्र होते, त्यात ती दुसऱ्या ओळीत, कोणाच्या तरी फेट्याआड अर्धी झाकलेली होती.

पुढे मी चित्रकलेची शिक्षिका झाले. तीस वर्षांत शेकडो मुलांना हात, पाय, डोळे, कुंभ आणि पळी काढायला शिकवले. शाळेच्या भिंतीवर सावित्रीबाई काढल्या, जिजाऊ काढल्या, नाताळच्या गोठ्यामागचा पडदा तर दरवर्षी मीच रंगवते. मायचे चित्र मात्र कधी जमले नाही. कागद घेऊन समोर बसले की ती उठून जाई. “काय काढायलीस माझं? मायमरियेचं काढ,” असे म्हणून ती भाजी निवडायला घेई. तिच्या मते चित्र काढण्याजोगे जे असते ते आधीच कोणीतरी काढून ठेवलेले असते, आणि आपण फक्त त्याची नक्कल करायची असते. चित्रकलेच्या शिक्षिकेनेही हे मनातल्या मनात मान्य केले होते, हे आता लिहिताना जाणवते.

माझी लेक मुंबईत परिचारिका आहे. २०२३ सालच्या वसंतात तिने मला बोलावून घेतले. देवगिरी एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून मी उतरले आणि दुसऱ्याच दिवशी ती मला राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात घेऊन गेली. जुन्या कावसजी जहांगीर सभागृहात हे संग्रहालय आहे. तिथे ललिता लाजमी ह्यांच्या आयुष्यभराच्या कामाचे प्रदर्शन भरले होते. त्याच फेब्रुवारीच्या १३ तारखेला, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, ललिताबाई गेल्या होत्या. मी त्यांचे नाव ऐकून होते ते गुरुदत्तची बहीण म्हणून, आणि ‘रुदाली’ काढणाऱ्या कल्पना लाजमींची आई म्हणून. बहीण आणि आई ह्या दोन ओळखींपलीकडे तिसरीही एक ओळख असू शकते, हे मला तिथल्या पायऱ्या चढताना उमगले. माझ्यासारख्या बाईने तरी ते आधीच समजायला हवे होते.

ललिताबाईंचा जन्म १९३२ सालचा, कलकत्त्याचा. लहानपणी त्यांना नृत्य शिकायचे होते, पण घरच्या परिस्थितीत ते परवडण्याजोगे नव्हते. बी. बी. बेनेगल हे काका जाहिरातींची चित्रे काढीत. त्यांनी दिलेल्या रंगाच्या पेटीवर मुलीचे समाधान झाले. १९६१ साली जहांगीर आर्ट गॅलरीत त्यांनी पहिल्यांदा चित्रे मांडली. पहिले चित्र विकले गेले ते शंभर रुपयांना. पोटासाठी त्यांनी वीसहून अधिक वर्षे शाळेत चित्रकला शिकवली, आणि ती कॅम्पियन शाळेत व कॉन्व्हेंट ऑफ जीझस अँड मेरी ह्या शाळेत, म्हणजे आपल्याच संस्थांमध्ये. हे वाचले आणि मला उगाचच बरे वाटले. वह्या तपासणे, रेखाकला परीक्षांचे फॉर्म भरणे, स्नेहसंमेलनाचे पडदे ह्यांतून ही बाईही गेली असणार! सत्तरच्या दशकात, चाळिशी ओलांडल्यावर, त्या सर ज. जी. कला महाविद्यालयाच्या संध्याकाळच्या वर्गांना जाऊन अम्लरेखन शिकल्या. मग शाळा, घर, मुले सगळे उरकून रात्री घरी काम करीत राहिल्या.

अम्लरेखन म्हणजे काय, हे मला पुस्तकातून ठाऊक होते. जस्ताच्या गुळगुळीत पत्र्यावर मेणाचा पातळ थर द्यायचा. त्यावर सुईने रेघा ओढायच्या, म्हणजे तेवढ्या जागेचे मेण निघून धातू उघडा पडतो. मग पत्रा नत्राम्लात बुडवायचा. उघड्या रेघा अम्ल खाते, मेणाखालचा भाग वाचतो. किती वेळ बुडवायचा ह्यावर रेघ किती खोल आणि किती काळी हे ठरते. शेवटी मेण काढून पत्र्याला शाई चोपडायची, जाळीच्या कापडाने वरची पुसून घ्यायची. खाचांत उरलेली शाई यंत्राच्या रुळांखालून जाताना ओलसर कागदावर उतरते. चित्रकाराचा हात फक्त मेण खरवडतो, घाव घालते ते अम्ल. वाचताना हे कृतीसारखे वाटले होते. ललिताबाईंच्या काळ्या-करड्या कागदांसमोर उभी राहिले तेव्हा ही कृती न वाटता स्वभाव वाटला.

त्या कागदांवर बाया होत्या. कुठे मुखवटा हातात धरलेल्या, कुठे चढवलेल्या. कुटुंबे होती, एका चौकटीत बसून एकमेकांकडे न पाहणारी. आई आणि लेक होत्या. चित्रांत दुर्गा-कालीचे रूप घेतलेली बाई होती आणि तिच्या पायाशी गुडघे टेकलेला पुरुष होता. पुन्हा पुन्हा येत होता तो ललिताबाईंचा स्वतःचा चेहरा. मोठे डोळे, खालून सावली पडलेले. माझ्या लेकीने विचारले, “आई, ह्या आपल्याकडे बघतायत की आरशात?”

मी शिक्षिकेच्या सवयीने उत्तर देऊ लागले आणि मध्येच थांबले, कारण उत्तरात एक गंमत होती. छापचित्र नेहमी उलटे उमटते. पत्र्यावर उजवीकडे काढलेले कागदावर डावीकडे येते. आमच्या घरात हे सांगायची गरजच नव्हती. वडील खिळे उलटे वाचीत, आणि मायला अक्षरओळख झाली तीच शिशाच्या खिळ्यांवरून. त्यामुळे सरळ छापलेला ‘क’ पाहून ती प्रथम बुचकळ्यात पडे. पण आरशात पाहून स्वतःचा चेहरा पत्र्यावर काढणारीचे काय होते? आरसा तिला उलटी दाखवतो. ती जशी दिसते तशी पत्र्यावर काढते. छापताना ते पुन्हा उलटते, म्हणजेच सुलटे होते. कागदावर उतरते ती आरशातली बाई नव्हे. जगाला दिसणारी, जी तिला स्वतःला कधीच दिसत नाही, ती बाई उतरते. “आपल्याकडेच बघतायत,” मी लेकीला म्हटले.

परतीच्या गाडीत झोप लागली नाही. घरातल्या तीन चित्रांचा विचार डोक्यात फिरत राहिला. तिन्ही छापलेलीच होती. आणि तिन्ही पुरुषांच्या हातून, पुरुषांच्या कारखान्यांतून निघून आमच्या घरी आली होती. लक्ष्मीची कुळी तर ठाऊकच आहे. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत शिळामुद्रणाचा छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि नंतर फ्रिट्झ श्लायशर ह्या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती आला. तिथून निघालेल्या देवी, शकुंतला, दमयंती ह्यांनी साऱ्या देशाच्या भिंती व्यापल्या. सुंदर बाई कशी बसते, मान किती कलवते, पदर कसा घेते, हे आपल्या आज्यांना त्या कागदांनी शिकवले. ती चित्रे चांगली नव्हती असे मी म्हणणार नाही. वडिलांचा आत्मा मला क्षमा करणार नाही. पण त्यांतल्या एकीच्याही हाताला घट्टे नाहीत.

ख्रिस्ती चित्रांची गोष्ट ह्याहून जुनी. न्यूरेंबर्गच्या आल्ब्रेख्त ड्यूररने मरियेच्या जीवनावर वीस काष्ठमुद्रांची मालिका केली आणि १५११ साली ती पुस्तकरूपाने काढली. त्याची छापचित्रे जत्रा-बाजारांत विकायला बसत त्या त्याची बायको आणि त्याची आई. त्या आईचे त्याने १५१४ साली कोळशाने एक रेखाचित्र काढले, तिच्या मृत्यूच्या दोनच महिने आधी. अठरा बाळंतपणे झालेली, गालफडे बसलेली, गळ्याच्या शिरा दोरांसारख्या झालेली बाई. ते चित्र मी एका जुन्या पुस्तकात पाहिले तेव्हा पान मिटून घेतले होते. ड्यूररने मरियेला लाकडात कोरले आणि हजारोंच्या हाती दिले. मरिया विकणारी आई मात्र एका कागदावर राहिली, ती छापावीशी त्याला वाटली नाही. ह्यात दोष देण्यासारखे काही नाही, आईचे ते खाजगी चित्र होते. तरीही हे मनात टोचत राहते.

आपल्या मुंबईच्या अँजेला त्रिंदाद (१९०९-१९८०) ह्यांनी मरियेला साडी नेसवली, अजिंठ्याच्या बोटांची मुद्रा दिली. आपल्या धर्मात स्त्रीने काढलेल्या भारतीय मरियेचा मान त्यांच्याकडे जातो आणि तो मोठा मान आहे. त्यांची मरिया शांत, देखणी, राजकन्येसारखी. मराठवाड्यातल्या माझ्यासारखीला ती परकी नाही, पण शेजारीणही नाही.

आणि शेजारीण म्हटले तर एक फार जुनी आहे. आमचे मूळ गाव भोकरदन तालुक्यातले. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांच्या शिलालेखांत ह्या गावाचे नाव आहे. सातवाहनांच्या काळी इथे हस्तिदंताचे कोरीव काम होई. १९७३ साली देव आणि गुप्ते ह्या संशोधकांनी तिथे उत्खनन केले, त्यात एका हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा तुकडा मिळाला. तो पाहून अभ्यासकांना आठवली ती इटलीतल्या पाँपे शहरात १९३८ साली सापडलेली मूर्ती. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडली गेलेली, वीतभराहून थोडी उंच, अंगावर दागिन्यांखेरीज फारसे काही नसलेली, दोन्ही बाजूंना प्रसाधनाची भांडी घेतलेल्या दासी. तिला लक्ष्मी म्हणायची रीत पडली, पण ती यक्षी असावी असे अनेकांना वाटते. ती भोकरदनच्याच बाजूची असावी, असेही पुष्कळजण मानतात. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे, ज्या दालनात पूर्वी सगळ्यांना प्रवेश नसे तिथे. तिच्या डोक्यापासून खाली एक भोक आहे. त्यावरून ती एखाद्या आरशाची मूठ किंवा आसनाचा पाय असावी असा तर्क आहे. मूठ असेल, तर पाँपेची कोणी श्रीमंत बाई आमच्याकडच्या ह्या बाईला कमरेत पकडून आपले तोंड पाहत असणार.

हे सगळे मी वर्गात सांगत आले होते, मुलेही अभिमानाने ऐकत. एक गोष्ट मात्र त्या रात्री गाडीत पहिल्यांदाच ध्यानात आली. भोकरदनला उत्खनन झाले ते १९७३ साली. त्याच्या आदल्या वर्षी दुष्काळ पडला होता, आणि त्या दोन वर्षांत त्याच तालुक्यातल्या एका रस्त्याच्या कामावर माझी माय खडी फोडत होती.

त्या दुष्काळाबद्दल आमच्या धर्मग्रामातल्या वडीलधाऱ्यांना मी काय सांगावे? लाल मिलोच्या भाकरी, सुकडी, हजेरीपटावरचे अंगठे, मुकादमाचे शिव्याशाप. ज्यांनी पाहिले त्यांना पुरेसे आठवते. मी तेव्हा तीन वर्षांची होते. मला आठवते असे जे वाटते ते बहुधा ऐकलेलेच आहे. रखरखीत ऊन, दगडावर दगड आपटल्याचा एकसारखा आवाज, आणि मायच्या लुगड्याचा वास. त्या दुष्काळानेच आम्हाला गावाहून जालन्यात आणले. वडिलांना छापखान्यात कागद उचलायचे काम मिळाले आणि दोनेक वर्षांत ते खिळे जुळवायला शिकले. माय मात्र त्या कामाविषयी कधी बोलली नाही. विचारले तर म्हणे, “सगळ्याच फोडत होत्या.”

घरी आल्यावर मी ठरवले की मायचे छापचित्र करायचे. अम्लाची आणि यंत्राची ऐपत नव्हती. लिनोलियमचा तुकडा, कोरण्यांचा एक संच, एक रूळ आणि छापखान्याच्या शाईचा डबा एवढे जमले. छापायला यंत्र लागतेच असे नाही. कागद ठेवून वरून स्टीलच्या वाटीच्या बुडाने घासले की उमटते. रात्रीची जेवणे झाली, माय झोपली, की मी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर बसे. मायला समोर बसवायचा प्रश्नच नव्हता, म्हणून मनानेच रचना केली. आणि मन कुठे गेले? सरळ वेदीवरच्या चित्राकडे.

निरंतर साहाय्यमातेचे चित्र आपण सर्वांनी इतक्या वेळा पाहिले आहे की ते आपण पाहतच नाही. मूळ प्रतिमा रोमच्या संत आल्फोन्ससच्या मंदिरात, १८६६ पासून. माहीमला १९४८ पासून दर बुधवारी तिची नोव्हेना चालते, तिथून तिच्या प्रती घराघरांत गेल्या. सोनेरी पार्श्वभूमी. वर दोन महादूत, हातांत क्रूस, खिळे, भाला. ते पाहून भ्यालेले बाळ आईकडे धावत आले आहे आणि त्या घाईत त्याच्या एका पायातली वहाण सुटून लोंबते आहे. आई बाळाकडे पाहत नाही, आपल्याकडे पाहते. लहानपणी मी मायला विचारले होते, ती त्याची वहाण का नाही घालत? माय म्हणाली होती, “हात कुठं मोकळा आहे तिचा? एका हातानं धरलंय, दुसरा त्यानं धरलाय.”

ते वाक्य चाळीस-पंचेचाळीस वर्षे माझ्यात पडून होते. मी मायला जमिनीवर बसवले, पुढे खडीचा ढीग, उजव्या हातात हातोडा, डाव्या हाताने मांडीवर धरलेली तीन वर्षांची मी आणि माझ्या पायातली सुटलेली चप्पल. महादूतांच्या जागी मुकादमाची छत्री आणि मोजमापाची पट्टी. नजर मात्र समोर, पाहणाऱ्यावर रोखलेली, ललिताबाईंच्या चेहऱ्यासारखी. कोरताना तीनदा बोट कापले. पहिली प्रत उचलली तेव्हा पहाटेचे दोन वाजले होते, आणि मला वाटले की जन्मात प्रथमच मी शाळेचा पडदा नव्हे असे काही केले आहे.

आठ सप्टेंबरला मरियेच्या जन्मदिनी मुलांची चित्रे मांडण्याची आमच्याकडे प्रथा आहे. एका भिंतीवर मी माझेही लावले. खाली नाव लिहिले नाही, कुठेही मरिया म्हटले नाही. पण आपली माणसे डोळस आहेत, वहाण त्यांनी ओळखली. बायांनी गर्दी केली. दोघी-तिघी बराच वेळ उभ्या राहिल्या, एक जण जाता जाता चित्रातल्या खडीच्या ढिगाला बोट लावून गेली. मग एका ज्येष्ठ गृहस्थांनी मला बाजूला घेतले. भले गृहस्थ आहेत. आमच्या अडीअडचणीला उभे राहिलेले आहेत, म्हणून त्यांच्याविषयी मनात कडवटपणा ठेवणे मला जमणार नाही. ते म्हणाले, “टीचर, स्वर्गाच्या राणीच्या हातात हातोडा? लोकांच्या श्रद्धेचा विचार करा.” मी म्हणू शकले असते की नाझरेथच्या सुताराच्या घरात हातोडा होताच. म्हणू शकले असते की दीनांना उंचावल्याचे स्तोत्र तिच्याच तोंडचे आहे. म्हटले काहीच नाही. चित्र उतरवले, गुंडाळी केली आणि घरी नेले. रिक्षात मला रडू आले ते त्यांच्या बोलण्याचे नव्हे, मी काही न बोलल्याचे.

गुंडाळी मी कपाटावर टाकली. दोन दिवसांनी माय सुपारीचा डबा शोधत होती, तिच्या हाती ती लागली. मी शाळेतून आले तेव्हा चित्र ओट्यावर पसरलेले होते, कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवलेल्या, आणि माय चष्मा नाकावर ओढून पाहत होती. माझी छाती धडधडू लागली. विचारल्याशिवाय, तिच्या झोपेत, मी तिला कोरले होते. त्या गृहस्थांनी तरी आपली तक्रार माझ्यापाशी मांडली होती. ज्या बाईचे हे चित्र, तिला मी काहीच विचारले नव्हते.

“ही मी का?” तिने विचारले.

“हो.”

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “मी डावरी नव्हते.”

मी पाहिले. हातोडा डाव्या हातात होता. जुळाऱ्याची लेक मी, ललिताबाईंच्या चित्रांपुढे उलट्या-सुलट्याचे ज्ञान लेकीला सांगून आलेली! आरशातून काढलेले स्वतःचे चित्र आपोआप सुलटते, पण दुसऱ्याचे सुलटत नाही, ते आधी उलटे काढावे लागते. एवढी साधी गोष्ट मी विसरले होते. तेथवर कोणाच्याच ध्यानात आले नव्हते, ना बायांच्या, ना त्या गृहस्थांच्या. खिळ्यांवरून अक्षरे शिकलेल्या मायच्या आले.

“चुकलं,” मी म्हटले. “छापताना फिरतं ते.”

“तुझ्या बापानं शिकवलं नाही का?” ती म्हणाली. पण तिचे बोट आता मांडीवरच्या मुलीवर होते. “आणि हे काय? मांडीवर लेकरू घेऊन कोणी खडी फोडतं? चिपऱ्या उडतात. डोळा गेला असता तुझा.”

“मग मी कुठं असायची?”

“लांब. बाभळीखाली. लुगड्याचा धडपा बांधायचे वरून. कमळीची म्हातारी बसायची सगळ्या लेकरांपाशी. तुला मी दिवसभर बघायचे नाही. बघितलं तर हात थांबतो, आणि हात थांबला की ढीग भरत नाही.” ती थोडी थांबली. “तू रडायचीस. आवाज ऐकू यायचा. तुझाच आहे हे कळायचं.”

मी खुर्ची ओढून बसले. पन्नास वर्षांत हे तिने मला सांगितले नव्हते, आणि आत्ताही ती मला सांगत नव्हती, चित्रातली चूक दुरुस्त करत होती. रोमची आई बाळाला धरून आपल्याकडे पाहते. माझ्या मायने मला धरले नव्हते आणि कोणाकडेच पाहिले नव्हते. मी वेदीवरच्या चित्रात तिला बसवून तिच्यावर उपकार केल्यासारखी वागले होते, आणि त्या बसवण्यात खडी फोडणारीला ठाऊक असलेली पहिलीच गोष्ट सांडली होती.

“आणि हातोडा असा नाही धरत,” माय म्हणाली. तिने खलबत्त्यातला बत्ता उचलला. पंच्याहत्तर वर्षांची माझी माय स्वयंपाकघराच्या फरशीवर खाली बसली, एक गुडघा मुडपून, एक पाय लांब पसरून. डाव्या हाताची बोटे तिने आत वळवली, जणू त्यांत दगड धरला आहे. “दगड असा. बोटं आत, नाहीतर चेचतात. आणि हात इथपर्यंतच. वर उचलला की जोर लागतो असं वाटतं नव्या बाईला. दुपारपर्यंत खांदा राहत नाही मग.” बत्ता दोन-चारदा हवेतून खाली आला, आणि दर खेपेला फरशीच्या बोटभर वर थांबला.

मी दप्तरातून वही काढली, पेन्सिल शोधली. ह्या वेळी ती उठून गेली नाही.

“माय, हात जरा तसाच ठेव.”

“किती वेळ?” तिने विचारले.